असुरक्षित गटांची उद्योजकता आणि व्यवसायाचे कायदे : संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायदा, वाणिज्य, अर्थशास्त्र किंवा समाजकार्य शिकता शिकता या विषयाकडे वळलेल्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण सगळे प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

या विषयात नेमकं काय अभ्यासतात?

ज्यांच्याकडे भांडवल, कागदपत्रं किंवा ओळखीपाळखी यांपैकी काही ना काही कमी आहे, अशी माणसं धंदा कसा सुरू करतात आणि कसा टिकवतात. आणि त्यात कायदा त्यांना कुठे हात देतो, कुठे अडवतो. अर्थशास्त्राचे अभ्यासक नफातोटा मोजतात, समाजशास्त्राचे नातीगोती पाहतात, कायद्याचे कलमं वाचतात. तिघंही एकमेकांचं फारसं वाचत नाहीत, हे या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे.

पुढची उत्तरं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. गरिबाच्या धंद्याला अडवणारा कायदा बहुतेक वेळा कंपनी कायद्याच्या पुस्तकात सापडतच नाही. तो कुटुंबाच्या कायद्यात असतो, परकीय नागरिकांच्या नियमांत असतो, जमिनीच्या कागदांत असतो, नाहीतर सरकारी भत्त्याच्या एखाद्या अटीत असतो. फक्त ‘व्यवसाय कायदा’ असं नाव असलेल्या गोष्टी तपासणारा अभ्यास म्हणूनच अर्धवट राहतो.

‘असुरक्षित’ गट कोणते, हे ठरवतं कोण?

शोधनिबंधांत साधारणपणे स्त्रिया, निर्वासित आणि स्थलांतरित, अपंग व्यक्ती, तुरुंगातून सुटलेले, दीर्घकाळ बेरोजगार, आदिवासी आणि अल्पसंख्य समूह अशी यादी येते. कायद्याच्या अभ्यासक मार्था फाइनमन यांनी २००८ साली या यादीच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. असुरक्षितता ही प्रत्येक माणसाच्या वाट्याला येणारी अवस्था आहे; काहींना संस्थांचा आधार मिळतो आणि काहींना मिळत नाही, फरक तिथे पडतो, असा त्यांचा युक्तिवाद.

तात्त्विक वाद बाजूला ठेवला तरी त्यातून कामाचा एक प्रश्न हाती लागतो : ही व्यक्ती *कशाच्या बाबतीत* असुरक्षित आहे? एखाद्या निर्वासित अभियंत्याकडे कौशल्य भरपूर असतं, पण बँक खातं उघडायला लागणारा ओळखीचा पुरावा नसतो. एखाद्या विधवेकडे ओळखपत्र, खातं सगळं असतं, पण तारण ठेवायला स्वतःच्या नावावर काही नसतं. दोघांना एकाच गटात कोंबून सरासरी काढली, तर ती सरासरी दोघांबद्दलही काही सांगत नाही.

प्रत्येक लेखाची सुरुवात लिमातल्या त्या शिवणकामाच्या कारखान्यापासून का होते?

कारण तो प्रयोग विसरणं अवघड आहे. १९८३ मध्ये पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो द सोटो यांच्या संस्थेने लिमा शहराच्या कडेला कपडे शिवण्याचा एक छोटा कारखाना थाटला आणि तो सगळे नियम पाळून नोंदवायला माणसं कामाला लावली. एकच कामगार ठेवण्याइतका तो कारखाना. माणसं रोज सहा-सहा तास फॉर्म भरत, रांगेत उभी राहत, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जात. नोंदणी पुरी व्हायला २८९ दिवस लागले. खर्च त्या वेळच्या मासिक किमान वेतनाच्या तीसपटींहून जास्त झाला.

द सोटोंचा निष्कर्ष असा की गरीब माणूस कायद्याबाहेर राहतो तो बेशिस्त आहे म्हणून नव्हे. कायद्याच्या आत येणं त्याला परवडत नाही म्हणून. २००२ मध्ये जानकोव्ह, ला पोर्ता, लोपेझ-द-सिलानेस आणि श्लायफर या चौघांनी ८५ देशांतल्या नोंदणीच्या पायऱ्या, दिवस आणि खर्च मोजले. जिथे प्रवेशाचे नियम जाचक, तिथे भ्रष्टाचार आणि बिगरनोंदणीचे धंदे जास्त, आणि मालाचा दर्जा मात्र त्यामुळे सुधारलेला नाही, असं त्यांना आढळलं. जागतिक बँकेचे व्यवसाय-सुलभतेचे अहवाल याच पायावर उभे राहिले.

द सोटोंचा दुसरा दावा मात्र तितका टिकला नाही. गरिबाच्या घराला मालकीचा कागद मिळाला की ते घर तारण ठेवून तो कर्ज काढेल आणि धंदा उभा करेल, असं ते म्हणत. हे तपासायला ब्यूनस आयर्सच्या परिसरात एक योग आयता जुळून आला. १९८१ मध्ये काही भूमिहीन कुटुंबांनी तिथल्या मोकळ्या जमिनीवर वस्ती केली. पुढे सरकारने ती जमीन मूळ मालकांकडून संपादित करायचा कायदा केला. काही मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजारी शेजारी राहणाऱ्या, एकसारख्या परिस्थितीतल्या कुटुंबांपैकी काहींना कागद मिळाले आणि काहींचे वर्षानुवर्षं अडकले. गालियानी आणि शार्ग्रोड्स्की यांनी २०१० मध्ये दोन्हींची तुलना मांडली. कागद मिळालेल्यांनी घरं पक्की केली, मुलांना जास्त शिकवलं. कर्ज मिळण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. मालकीचा कागद हातात आला म्हणून बँक दारात येत नाही. तिला परतफेडीची खात्री हवी असते, आणि गरिबाचं घर जप्त करून विकणं तिलाही सोपं जात नाही.

मग नोंदणी सोपी आणि स्वस्त केली की माणसं आपणहून येतात का?

थोडीफार येतात, आणि बहुतेकदा आपल्याला अपेक्षित असलेली नव्हे.

मेक्सिकोने २००२ पासून शहराशहरांत नोंदणी झटपट करणारी खिडकी उघडली. मिरियम ब्रून यांच्या अभ्यासात नोंदलेले धंदे सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. पण ते नव्याने सुरू करणारे लोक आधी पगारी नोकरीत होते. आधीपासून बिननोंदणीचा धंदा करणारे बहुतांशी जिथल्या तिथेच राहिले. पोर्तुगालने २००५ मध्ये एका भेटीत कंपनी नोंदवण्याची सोय केली. कंपन्या वाढल्या, पण त्या जास्त करून छोट्या होत्या, कमी शिकलेल्या मालकांच्या होत्या आणि लवकर बंद पडणाऱ्या होत्या. हे यश मानायचं की अपयश, यावर दोन अभ्यासकांचं एकमत होणं कठीण. मला ते यशच वाटतं : ज्यांना आधी दारच बंद होतं ते आत आले, आणि धंदा बंद पडण्याचा हक्कही त्यांना असायला हवा.

सगळ्यात बोलका प्रयोग श्रीलंकेतला आहे. द मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ यांनी बिननोंदणीच्या छोट्या व्यावसायिकांचे गट पाडले. एका गटाला नोंदणीची माहिती दिली आणि नोंदणीचा खर्च भरून देण्याची तयारी दाखवली. जवळजवळ कुणीच आलं नाही. मग रोख रक्कम देऊ केली. साधारण अर्ध्या ते एका महिन्याच्या नफ्याइतकी रक्कम दिली तेव्हा पाचातला एक नोंदणीला आला. दोन महिन्यांच्या नफ्याइतकी दिली तेव्हा निम्मे आले. उरलेल्यांना विचारलं, तर सर्वांत जास्त वेळा पुढे आलेलं कारण जमिनीचं होतं. ज्या जागेत धंदा चालतो तिचे कागद धड नाहीत, म्हणून अर्जच पुरा होत नाही. नोंदणी शुल्क माफ करणारा आदेश काढून हा प्रश्न सुटणार नव्हता.

मलावीतला अभ्यास आणखी एक गोष्ट दाखवतो. तिथे कर नोंदणीशिवाय नुसती व्यवसाय नोंदणी फुकट करून दिली, तेव्हा बहुसंख्य लोकांनी ती घेतली; पण त्या कागदाने धंद्यात काहीच बदललं नाही. नोंदणीसोबत बँकेत माहितीचं सत्र ठेवून धंद्याच्या नावे खातं उघडून दिलं, तेव्हा विक्री आणि नफा दोन्ही वाढले. माणूस नोंदणी करतो ती पुढच्या कशासाठी तरी, आणि ते पुढचं जोडलेलं नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवर लटकतं.

छोटी कर्जं दिली तर गरिबी हटते, हे सिद्ध झालं आहे ना?

नाही. बांगलादेशातली ग्रामीण बँक १९८३ मध्ये अधिकृत बँक झाली, २००६ मध्ये तिचे संस्थापक मुहम्मद युनूस आणि बँकेला शांततेचं नोबेल मिळालं, आणि सूक्ष्म कर्ज हा रामबाण उपाय असल्यासारखी हवा झाली. जानेवारी २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथल्या सहा काटेकोर चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्यांतला भारतातला अभ्यास हैदराबादच्या १०४ वस्त्यांतला होता. सहाही ठिकाणचं सार जवळपास एकच : कर्ज मिळाल्याने काहींनी धंद्यात जास्त पैसे घातले, खर्चाच्या नियोजनात थोडी मोकळीक मिळाली, पण सरासरी कुटुंबाच्या उत्पन्नात ठळक वाढ दिसली नाही. कर्जाने मोठं नुकसान झाल्याचंही दिसलं नाही, हेही सांगायला हवं; टीकाकार ते सोयीने विसरतात.

युगांडातल्या तरुणांना दिलेल्या रोख अनुदानाचा अभ्यास इथे आवर्जून वाचावा. चार वर्षांनी अनुदान घेतलेल्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती, आणि त्या आकड्यावर पुष्कळ भाषणं झाली. नऊ वर्षांनी तेच संशोधक परत गेले तेव्हा अनुदान न मिळालेल्यांनीही कमाईत त्यांना गाठलं होतं. चार वर्षांनंतरचाच अहवाल वाचून थांबलेल्याच्या डोक्यात अजून ३८ टक्केच असतात.

स्त्रियांच्या धंद्यात पैसा घातला तर परतावा कमी मिळतो, असं संशोधन सांगतं. हे खरं आहे?

आकडा खरा होता, पण त्यातून काढलेला अर्थ कच्चा होता.

श्रीलंकेतल्या एका चाचणीत छोट्या धंद्यांना भांडवल फुकट दिलं. पुरुषांच्या धंद्यात त्यावर घसघशीत परतावा दिसला, स्त्रियांच्या धंद्यात सरासरी जवळजवळ शून्य. यावरून बायकांना व्यवहार जमत नाही इथपर्यंत लोकांनी उडी मारली. २०१९ मध्ये बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा उघडली आणि बाई सोडून अख्खं घर तपासलं. बायकोला मिळालेलं भांडवल बऱ्याच घरांत नवऱ्याच्या धंद्यात गेलं होतं. घरात धंदा करणारी ती एकटीच असेल, तिथे स्त्री-पुरुष परताव्यातला फरक नाहीसा झाला.

कायद्याचा विद्यार्थी इथे लगेच विचारेल : त्या घरात पैशावर हक्क कुणाचा? तिच्या नावावरच्या रकमेला तिच्या संमतीशिवाय हात लावता येतो का? हा मुद्दा कंपनी कायद्याचा नाही, कुटुंब कायद्याचा आहे. इथिओपियाने २००० साली कुटुंब कायदा बदलला. बायकोने घराबाहेर काम करण्याला नवऱ्याला मनाई करता यायची, ती तरतूद गेली, आणि सामाईक मालमत्तेच्या व्यवहाराला दोघांची संमती लागू लागली. बदल सगळ्या प्रदेशांत एकदम लागू झाला नाही, त्यामुळे तुलना शक्य झाली. जिथे तो आधी लागू झाला तिथे घराबाहेरच्या, पूर्ण वेळच्या आणि जास्त कौशल्याच्या कामांत स्त्रियांचं प्रमाण अधिक वाढलेलं हॉलवर्ड-ड्रीमायर आणि गाजिगो यांना दिसलं. धंद्याच्या परवान्याचा एक शब्दही न बदलता हे घडलं.

आणि हे फक्त गरीब देशांचं दुखणं समजू नये. अमेरिकेत काही राज्यांच्या कायद्यांनुसार धंद्यासाठी कर्ज घेणाऱ्या बाईला पुरुष नातेवाइकाची सही आणावी लागे. १९८८ च्या केंद्रीय कायद्याने ते संपलं. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात विवाहित स्त्रीला धंदा नोंदवायला नवऱ्याची परवानगी लागायची, ती २०१६ मध्ये गेली. स्त्रियांवरील सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ चा आहे, आणि त्याच्या १३ व्या कलमात बँक कर्जाचा, १५ व्या कलमात करार करण्याचा समान हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. तरीही जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालानुसार पुरुषांइतके आर्थिक हक्क कायद्याने न मिळालेल्या, कामाच्या वयातल्या स्त्रियांची संख्या सुमारे २.४ अब्ज आहे.

निर्वासिताला धंदा करण्याचा हक्क असतो का?

१९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं १८ वं कलम नेमकं यावरच आहे. कायदेशीररीत्या देशात असलेल्या निर्वासिताला शेती, उद्योग, हस्तकला, व्यापार स्वतःच्या हिमतीवर करण्याबाबत आणि कंपनी स्थापन करण्याबाबत शक्य तितकी अनुकूल वागणूक द्यावी, आणि ती निदान इतर परदेशी व्यक्तींना मिळते त्याहून कमी नसावी. म्हणजे देशाच्या नागरिकाइतका हक्क हे कलम देत नाही. ‘शक्य तितकी’ हे शब्द सरकारांना पुष्कळ मोकळीक देतात.

प्रत्यक्षात काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातल्या प्रकरणात दिसतं. २०१२ मध्ये तिथे ‘ऑपरेशन हार्डस्टिक’ नावाची मोहीम निघाली. पोलिसांनी निर्वासितांची आणि आश्रय मागणाऱ्यांची सहाशेहून अधिक छोटी दुकानं बंद केली, माल उचलून नेला. कारण काय, तर परवाने नाहीत. आणि परवाना मागायला गेलं, तर परदेशी म्हणून तो मिळण्याची सोय नाही. सोमाली संघटना कोर्टात गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला की निर्वासित आणि आश्रय मागणारे व्यापाराच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतात. पोट भरायचा दुसरा मार्ग नसलेल्याला स्वयंरोजगारही नाकारला, तर त्याच्या मानवी प्रतिष्ठेवर घाला येतो. व्यवसाय परवान्याचा मुद्दा थेट प्रतिष्ठेच्या हक्काशी जोडणारा हा निकाल, या विषयात काम करणाऱ्याने मुळातून वाचावा.

दुसरी बाजू युगांडाची. तिथे २००६ च्या कायद्याने निर्वासितांना कामाची आणि फिरण्याची बरीच मोकळीक आहे. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या पाहणीत कंपालातल्या निर्वासितांपैकी २१ टक्के जण किमान एकाला तरी काम देणारा धंदा चालवत होते, आणि त्यांनी कामावर ठेवलेल्यांत ४० टक्के युगांडाचे नागरिक होते. ‘बाहेरचे येऊन आमचं काम हिरावतात’ या ओरडीला इतकं थेट उत्तर क्वचित मिळतं. मात्र ही एका शहराची पाहणी आहे. छावण्यांतलं चित्र वेगळं असतं. कोलंबियाने २०१८ मध्ये कागदपत्रं नसलेल्या व्हेनेझुएलाच्या लाखो स्थलांतरितांना राहण्याचा आणि कामाचा परवाना दिला. त्यानंतर त्यांच्या अधिकृत धंद्यांची नोंदणी वाढलेलीही संशोधनात दिसली आहे.

अपंग उद्योजकांवर संशोधन इतकं कमी का?

कारण बहुतेक धोरणं अपंग व्यक्तीकडे नोकरी मागणारी किंवा भत्ता घेणारी म्हणून पाहतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात २७ व्या कलमात स्वयंरोजगार, उद्योजकता आणि सहकारी संस्था यांचा उल्लेख आहे. पण माझ्या मते महत्त्वाचं कलम १२ वं आहे. मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे पैसे स्वतः सांभाळण्याचा आणि बँक कर्जाचा समान हक्क तिथे आहे. एखाद्यावर कायद्याने पालक नेमलेला असेल आणि त्याची सही ग्राह्यच नसेल, तर त्याच्यासाठी उद्योजकता प्रशिक्षण भरवून काय साधणार?

दुसरी अडचण भत्त्याची. धंद्यातून चार पैसे आले की भत्ता आणि त्याला जोडलेला औषधोपचार तुटतो. अमेरिकेत गरजू अपंगांसाठीच्या पूरक उत्पन्न योजनेत एकट्या व्यक्तीला जास्तीत जास्त २,००० डॉलरची शिल्लक बाळगता येते आणि ही मर्यादा १९८९ पासून वाढलेली नाही. उपजीविकेला लागणारी धंद्याची मालमत्ता त्यातून वगळता येते, पण ती सूट माहीत असणारे आणि वापरणारे किती, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

तुरुंगातून सुटलेल्यांचं काय?

अमेरिकेतल्या माहितीवर ह्वांग आणि फिलिप्स यांनी दाखवलं की शिक्षा भोगून आलेल्यांचा ओढा स्वयंरोजगाराकडे जास्त असतो, कारण नोकरीच्या दारात त्यांना हाकलतात. पण अनेक छोट्या व्यवसायांना परवाना लागतो आणि परवान्याला ‘चांगल्या चारित्र्या’ची अट असते. म्हणजे नोकरी नाही म्हणून धंदा, आणि जुन्या गुन्ह्यामुळे धंद्याचा परवानाही नाही.

धंदा बुडाला तर कायदा काय करतो? यावर कोणी अभ्यास केला आहे?

भरपूर, पण तो असुरक्षित गटांच्या अभ्यासात फारसा उतरलेला नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

फॅन आणि व्हाइट यांनी २००३ मध्ये अमेरिकेतली राज्यं तपासली. दिवाळखोरीत राहतं घर जप्तीपासून पूर्ण किंवा बऱ्याच प्रमाणात वाचतं, अशा राज्यांत घरमालकांनी धंदा करण्याची शक्यता ३५ टक्क्यांनी जास्त होती. बुडालो तरी छप्पर राहील, ही खात्री माणसाला धाडस देते. पुढच्याच वर्षी बर्कोविट्झ आणि व्हाइट यांनी नाण्याची दुसरी बाजू दाखवली : त्याच राज्यांत छोट्या धंद्यांना कर्ज नाकारलं जाण्याचं प्रमाण जास्त. सावकाराला वसुलीची भीती वाटली की तो आधीच हात आखडता घेतो.

आता ज्याच्याकडे स्वतःचं घरच नाही, त्याला घर वाचवणाऱ्या या तरतुदीचा उपयोग काय? त्याच्यासाठी महत्त्वाचं असतं ते उरलेलं कर्ज किती वर्षांनी माफ होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ पासून ही मुदत साधारण एका वर्षावर आली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने प्रामाणिक उद्योजकासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं ठरवली. जिथे अशी मुदतच नाही तिथे एकदा बुडालेला माणूस पुढचा धंदा बायकोच्या, भावाच्या नावावर करतो. मग आकडेवारीत ती बायको ‘स्त्री उद्योजक’ म्हणून मोजली जाते, आणि परताव्याचे हिशोब पुन्हा चुकतात.

मर्यादित दायित्वाबद्दलही हेच. कंपनी वेगळी, मालक वेगळा, कंपनीचं कर्ज मालकाच्या घरावर येत नाही, असं पहिल्या वर्षी शिकवतात. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक मालकाची वैयक्तिक हमी लिहून घेते आणि ती भिंत तिथेच पडते. मोठ्या उद्योगाला हमी टाळता येते, छोट्याला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०२१ मध्ये छोट्या उद्योगांसाठी मर्यादित दायित्वाचा साधा साचा सुचवला आहे. साचा चांगला आहे, पण हमीपत्रापुढे तो कितपत तग धरेल याबद्दल मला शंका आहे.

मजबुरीतून केलेला धंदा आणि संधी पाहून केलेला धंदा, हा फरक वापरावा का?

वापरा, पण जपून. १९९९ मध्ये सुरू झालेल्या जागतिक उद्योजकता पाहणीने हा फरक रूढ केला. खऱ्या आयुष्यात दोन्ही कारणं एकाच माणसात एकाच वेळी असतात, आणि मजबुरीत सुरू झालेला धंदा पुढे जोमाने वाढू शकतो. ती पाहणीही नंतर एकाहून अधिक कारणं नोंदवू लागली.

त्याहून टोकदार प्रश्न हा की ज्याला आपण उद्योजक म्हणतोय तो खरोखर उद्योजक आहे का. फ्रान्सने २००९ पासून छोट्या स्वयंरोजगारासाठी अगदी सोपा दर्जा सुरू केला. लाखोंनी तो घेतला, आणि त्यासोबत मालकांनी कामगारालाच ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून नोंदायला लावल्याच्या तक्रारीही आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून कायद्याने ‘कामगार’ आहेत, असा निकाल दिला. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, ग्राहकाशी संबंध कंपनी ठेवते. मग यात चालकाचा धंदा कुठला? असुरक्षित गटांत ‘उद्योजकता वाढली’ असं वाचलं की आधी हे तपासावं. किमान वेतन आणि रजा बुडवण्यासाठी दिलेलं नाव असेल, तर ती वाढ आनंदाची नाही.

उद्योजकता प्रशिक्षणाचा उपयोग होतो का?

हिशोब आणि विपणन शिकवणाऱ्या नेहमीच्या वर्गांचा फार कमी. टोगोत १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या चाचणीत पुढाकार, चिकाटी आणि आखणी यांवर भर देणाऱ्या प्रशिक्षणाने नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पारंपरिक प्रशिक्षणाचा परिणाम ठामपणे सांगता येण्याइतका नव्हता.

हिशोबाची वही नसलेल्या माणसाला नफा कसा विचारायचा?

सरळ विचारायचा. विक्री किती, कच्चा माल किती, भाडं किती असं खोदत बसून वजाबाकी केली तर उत्तर जास्त अचूक येईल असं वाटतं. श्रीलंकेतच मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धती पडताळल्या. लोक विक्रीचा आकडा सुमारे ३० टक्के कमी सांगत होते, आणि ‘सगळा खर्च वजा जाता गेल्या महिन्यात तुमच्या हातात किती राहिले?’ हा एकच प्रश्न सविस्तर प्रश्नांपेक्षा सरस ठरला. तरी दोन पथ्यं पाळावीत. घरात वापरलेला माल वेगळा विचारावा. आणि नवरा-बायको दोघांचे धंदे असतील तर दोघांना वेगवेगळं, एकमेकांच्या गैरहजेरीत विचारावं. नाहीतर तिचा नफा तो सांगतो.

विद्यापीठाची नैतिक परवानगी घेतली, एवढं पुरेसं नाही का?

नाही. माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेबद्दलच्या, १९७९ च्या अमेरिकेतल्या बेलमाँट अहवालातली तीन तत्त्वं म्हणजे व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. ती आजही परवानगीच्या अर्जामागे असतात, पण ती मुख्यतः वैद्यकीय आणि वर्तनविषयक संशोधन डोळ्यांपुढे ठेवून लिहिली होती. आपल्या विषयात धोका औषधाचा नसतो, तो माहितीचा असतो. परवाना नसलेला विक्रेता तुम्हाला सांगतो की माल कुठे ठेवतो, कुणाला हप्ता देतो. तुमच्या वहीत नाव आणि जागा असेल, आणि ती वही कुणी मागितली, तर? म्हणून नावं आणि नकाशे मुलाखतींपासून पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, आणि लागत नसतील तर घेऊच नका. संमतीपत्रावर सही घेणंसुद्धा अशा वेळी घातक ठरू शकतं; तोंडी संमतीची मुभा आधीच मागून घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. अर्ज लिहायला बसण्याआधी ती वाचावी.

देशांच्या व्यवसाय-सुलभता क्रमवारीवर प्रबंध बेतता येईल का?

जपून. जागतिक बँकेने ती क्रमवारी सप्टेंबर २०२१ मध्ये बंद केली, कारण २०१८ आणि २०२० च्या अहवालांतल्या माहितीत गडबडी आढळल्या होत्या. नवा अहवाल २०२४ पासून सुरू झाला आणि पहिल्या फेरीत ५० अर्थव्यवस्था घेतल्या. शिवाय जुन्या मोजणीत गृहीत धरलेला धंदा म्हणजे देशाच्या सर्वांत मोठ्या शहरातली, ठरावीक भांडवलाची, देशी मालकांची कंपनी. आपण ज्यांचा अभ्यास करतो त्यांतलं त्या चौकटीत कुणीच बसत नाही.

कायद्याची पदवी नाही. तरी हा विषय घेता येईल?

येईल. मात्र एकाच गटाचा, एकाच ठिकाणचा, एकाच प्रकारचा धंदा निवडा आणि त्या माणसाला वर्षभरात ज्या ज्या कचेरीत जावं लागतं त्यांची यादी त्याच्याकडूनच काढून घ्या. प्रत्येक कचेरीमागे कुठला नियम आहे, तो मूळ मजकुरात शोधा. सरकारी माहितीपत्रकावर विसंबू नका, कारण अटी बऱ्याचदा परिपत्रकांत असतात. ही यादी घेऊन कायद्याच्या विभागातल्या कुणाला तरी सहमार्गदर्शक व्हायला विचारा. कोरा प्रश्न घेऊन गेलात तर बहुधा पुस्तकांची नावं मिळतील. यादी घेऊन गेलात तर चर्चा होईल.